माप बरोबर होतं

गेल्या हंगामात, गुऱ्हाळं जोरात असताना, एक पिकअप क्रेनला टांगून माझ्या दारात आली. गाडी जुनी, जीपच्या वळणाची, पन्हाळ्याकडच्या एका गुऱ्हाळवाल्याची. तिला चाकं मात्र फॉर्च्युनरची, चकचकीत अलॉय. पुढचं डावं चाक आतल्या बाजूला कललेलं. मागच्या काचेवर 'नाद खुळा' लिहिलेलं होतं, ते वाचून क्रेनवालाच हसत होता.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझं लेथचं वर्कशॉप आहे. हब (ज्यावर चाक बसतं तो मधला भाग), ड्रम, एक्सल, पुलीचं काम. बाहेरच्याला वाटतं टर्नर दिवसभर नवं काहीतरी घडवत असतो. निम्मा दिवस दुसऱ्याने केलेलं निस्तरण्यात जातो.

गाडीबरोबर मालकाचा मुलगा होता. गुळाचे रवे भरून मार्केट यार्डला निघालेला. वाघबीळच्या उताराला स्टेअरिंग थरथरायला लागलं, म्हणून त्याने कडेला घेतली. घेतली म्हणून वाचला. चाक खोललं तर सहापैकी दोन नट हाताने फिरले आणि एक स्टड, म्हणजे हबमध्ये बसवलेला बोल्ट, नटासकट हातात आला.

या जीपगाड्यांच्या चाकाला पाच बोल्ट, साडेपाच इंच पीसीडीवर (सगळ्या बोल्टांच्या मधून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास), म्हणजे 139.7 मिमी. जुन्या विलीज जीपपासून चालत आलेलं माप. फॉर्च्युनरचा पीसीडीही 139.7, पण बोल्ट सहा. घोटाळा सगळा इथेच होतो. पोरगं मला म्हणालं, "मिस्त्री, दोन्हीचं माप एकच हाय की. एक होल जास्त, एवढंच."

एक होल जास्त नाही. पाचाला दोन होलांमध्ये 72 अंश, सहाला 60. पाचात शेजारच्या दोन होलांचं अंतर 82.1 मिमी, सहात 69.85. एक होल दोघांना सामाईक धरलं तरी बाकीची पाचही हबवर नवीन पाडावी लागतात. त्यातली दोन जुन्या होलांच्या इतकी जवळ येतात की मधे फक्त 12 अंश राहतात. सेंटर ते सेंटर 14.6 मिमी. दोन्हीकडे 13 मिमीची होलं धरली तर मधली भिंत उरली दीड मिलिमीटरची. सामाईक होल न धरता पॅटर्न फिरवून बघा, आणखी वाईट होतं. मी कागदावर सगळं फिरवून बघितलंय.

आणि भिंतीपेक्षा मोठी भानगड मागच्या बाजूला. स्टडचं डोकं फ्लँजच्या, म्हणजे हबच्या होलं असलेल्या चकतीच्या, पाठीवर सपाट बसून ताण घेतं. इथे डोक्याची कड जुन्या रिकाम्या होलावर लोंबत होती. नट आवळला की डोकं त्या पोकळ बाजूला कलणार, थोडं दबणार, आणि नट आपोआप सैल. चाक स्टडवर लटकून चालत नाही हे ड्रायव्हर सोडा, निम्म्या मेकॅनिकांना माहीत नसतं. नट चाकाच्या डिस्कला हबवर दाबून धरतात आणि चाक त्या दाबावर चालतं. दाब गेला की सगळा मार स्टडला कात्रीसारखा बसतो.

हब साफ करून डाय मारला, म्हणजे तडा दाखवणारा लाल रंग. पांढऱ्या डेव्हलपरवर लाल रेघ उमटली, बरोबर त्या दीड मिलिमीटरच्या जागी, आणि तिथून थेट फ्लँजच्या कडेपर्यंत. दुसऱ्या पातळ भिंतीला अजून काही नव्हतं.

नट पाहिले तर तेही चुकीचे. टोयोटाच्या मूळ अलॉयला सपाट वॉशरचे नट लागतात, कारण त्या चाकाला मधोमध धरायचं काम हबचं नाक करतं. त्या चाकाचं मधलं भोक 106 मिमीचं, आणि या हबचं नाक त्यात खुळखुळत होतं. वर हे काम करणाऱ्याने कोनाचे नट लावलेले. ते भोकाच्या फक्त कडेवर बसलेले. चाकाला मधे धरणारं कोणीच नाही.

हे सगळं बघताना माझ्या तोंडात शिव्या तयार होत्या. मग फ्लँजवरचं ग्रीस पुसलं आणि गप्प झालो.

मार्किंग इतकं सुरेख होतं. मोरचुदाचं पाणी लावून तांबूस केलेला पृष्ठभाग, त्यावर पीसीडीचं वर्तुळ, प्रत्येक होलाभोवती होलाच्याच मापाचं वर्तुळ, आणि त्या वर्तुळावर चार बाजूंना बारीक पंचचे ठिपके. त्यांना साक्षीच्या खुणा म्हणायचं. ड्रिल सरळ गेलं तर प्रत्येक ठिपका अर्धा कापला जातो आणि अर्धा उरतो. सरकलं तर एका बाजूचा अख्खा उरतो, समोरचा नाहीसा होतो. इथे पाचही नव्या होलांवर चारी बाजूंना अर्धा अर्धा ठिपका. शेजारी दीड मिलिमीटरवर रिकामं होल असताना ड्रिल तिकडे ओढलं जातं, तरीही. जुन्या होलांत तात्पुरत्या गुंड्या, म्हणजे बुचं, ठोकून मग ड्रिल केलं असणार. मी व्हर्नियरने मापलं, चूक 0.2 मिमीच्या आत. आज उद्यमनगरात असं हाताने मार्किंग करणारे किती उरलेत? पोरांना डीआरओ (आकडे दाखवणारा डिस्प्ले) आणि सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) पाहिजे.

ही पद्धत माझी. सहा वर्षं माझ्याकडे काम शिकलेला एक पोरगा आहे, आता हायवेला त्याचं स्वतःचं दुकान आहे. डिव्हायडरने वर्तुळ काढायचं आणि तोच डिव्हायडर न हलवता परिघावर सहा पावलं चालवायची, शेवटचं पाऊल पहिल्यावर पडतं, हे मी त्याला पहिल्याच महिन्यात दाखवलं होतं. किती खूश झाला होता. पाचाचं तसं जमत नाही, तिथे जीवा काढावी लागते, व्यासाला 0.588 ने गुणून.

मालकाच्या पोराला विचारलं, कुणी केलं? त्याने नाव सांगितलं. तेच, माझ्या शिकलेल्या पोराचं.

पासिंगला काय करणार होता, हेही विचारलं. माल वाहतुकीची जुनी गाडी, दरवर्षी फिटनेस. त्याच्या चेहऱ्यावरून कळलं की तो विचारच झाला नव्हता.

ॲडॉप्टर करून द्या, असा त्याचा हट्ट. अलॉयचे पैसे गेले होते, समजू शकतो. ॲडॉप्टर मी केलेत, ऑफरोडवाल्या पोरांना, ईएन8 पोलादाच्या 30 मिमी प्लेटमधून. एका बाजूने पाच, दुसऱ्या बाजूने सहा. पण तेवढं चाक बाहेर जातं, बेअरिंगवरचा भार सरकतो, स्टेअरिंग जड होतं. रविवारी चिखलात खेळणारी जीप वेगळी आणि टनभर गूळ घेऊन घाट उतरणारी गाडी वेगळी. नाही म्हणालो. तो फोनवर वडिलांशी बोलला. थोड्या वेळाने वडीलच बसने आले, अलॉयकडे बघितलंसुद्धा नाही, म्हणाले, "मिस्त्री, जुनी हाय तशी करा."

तशी करायला तीन दिवस गेले. चारी हब आणि चारी ड्रम तसेच भोसकलेले, कारण ड्रमही त्याच स्टडवर बसतो. जुन्या बाजारातून पाच होलांचे हब आणि ड्रम जमवले. हबची फ्लँज लेथवर हलकी फेस केली, डायल गेजवर 0.05 मिमीच्या आत आणली. ड्रम टर्न केले. नवे स्टड प्रेसवर बसवले. हातोड्याने बसवलेला स्टड मला दुकानात चालत नाही, त्यावरून माझी दोन गॅरेजवाल्यांशी कायमची बोलाचाली बंद आहे. चाकांच्या जुन्या लोखंडी डिस्क त्यांच्या गोठ्यामागे पडल्या होत्या, त्या आणवल्या. नट चांदणीच्या क्रमाने, 11 किलोग्रॅम-मीटर टॉर्कला, आणि 50 किलोमीटरनंतर परत आवळून न्या म्हणून सांगितलं. आले नाहीत. कोणीच येत नाही.

रात्री हायवेवाल्या त्या माझ्या पोराला फोन केला. चिडून केला होता, पण सुरुवात कशी करायची ते सुचेना. आधी क्रॅकचं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामा, माप चुकलं व्हतं काय?"

"नाही," म्हणालो. "माप बरोबर होतं."

"मग?"

मी 12 अंशाचं सांगितलं, डोक्याच्या बैठकीचं सांगितलं. तो हं हं करत होता. शेवटी म्हणाला, गिऱ्हाईक म्हणालं होतं की एकच होल जास्त आहे. मी विचारलं, तुला नाही दिसलं? तर म्हणाला, दिसलं की, म्हणूनच तर गुंड्या ठोकल्या.

तो तडकलेला हब बाकाखाली आहे. भंगारवाला दोनदा विचारून गेला. नवी पोरं आली की मार्किंग कसं असावं ते दाखवायला मी तोच बाहेर काढतो, आणि मग ती रेघ कुठे आहे ते शोधायला सांगतो. अजून एकालाही डाय मारल्याशिवाय सापडलेली नाही.