दोनशे वेळा उडवलेली नाणी

नववीत गणिताच्या सरांनी विचारलं होतं, दोन नाणी एकदम उडवली तर एक छापा एक काटा पडायची शक्यता किती. मी हात वर करून सांगितलं एक तृतीयांश, कारण मला तीनच गोष्टी दिसत होत्या, दोन्ही छापे, दोन्ही काटे नाहीतर एक-एक. वर्ग हसला. सर नाही हसले. खिशातनं दहा पैशाची दोन नाणी काढून माझ्या हातावर ठेवली, "200 वेळा उडव, काय पडतंय ते लिहून ठेव, मग बोलू."

एका सुट्टीत कुठलं होतंय, दोन दिवस लागले. शेवटच्या बाकावर बसून मित्र उडवायचा आणि मी वहीत काड्या मारायचो. एक-एक पडलं 97 वेळा, म्हणजे जवळपास निम्मं. माझं उत्तर बरोबर असतं तर 67 च्या आसपास यायला पाहिजे होतं. सरांनी मग एका नाण्यावर शाईचा ठिपका दिला आणि म्हणाले, "ठिपकेवाला छापा आणि साधा काटा हे एक, उलटं झालं की ते दुसरं. तुला ओळखू येईनात म्हणून दोन्ही नाणी एकच होत नाहीत बाळा."

पुढं शिवाजी विद्यापीठात एमएस्सीला स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्सच्या, म्हणजे असंख्य कणांचा एकत्र हिशेब करायच्या विषयाच्या तासाला भौतिकशास्त्रज्ञ सत्येंद्रनाथ बोस यांचं गणित आलं आणि मी ताठ बसलो. 1924 साली ढाक्यात बसून बोसनी प्रकाशाचे कण मोजले ते असे, की त्यांच्यावर ठिपका देताच येत नाही, आपली नजर कमी पडते म्हणून नव्हे तर मुळातच हा कुठला आणि तो कुठला या प्रश्नाला अर्थ नाही. म्हणजे दोन कण, दोन जागा, आणि प्रकार तीनच, तिन्ही सारखे! तो पेपर त्यांनी आइन्स्टाइनना पाठवला, आइन्स्टाइननी स्वतः जर्मनमध्ये भाषांतर करून छापून आणला. त्या संध्याकाळी मी राजारामपुरीपर्यंत चालत आलो, बसची आठवणच झाली नाही.

दिवाळीत मंगळवार पेठेत सरांच्या घरी गेलो. चहा गार होईपर्यंत सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे कोणी मोजून बघितलंय?" मी म्हटलं तापलेल्या वस्तूतनं कुठला प्रकाश किती बाहेर पडतो ते सांगणारं प्लांकचं 1900 चं सूत्र याच मोजणीतनं निघतं, आणि ते प्रयोगाशी तंतोतंत जुळतंय. "ते घाऊक झालं. दोनच कण घेऊन?" माझ्याकडं उत्तर नव्हतं.

उत्तर मिळालं पुण्यात पीएचडी करताना, लायब्ररीत. 1987 साली अमेरिकेत रोचेस्टरला हाँग, ऊ आणि मँडेल यांनी अर्धवट परावर्तन करणाऱ्या आरशावर दोन बाजूंनी एक-एक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, सोडला. नाण्यांसारखे वागले असते तर निम्म्या वेळा एक इकडं एक तिकडं गेला असता, पण दोघं अगदी एकदम पोचले की ही गणती जवळजवळ शून्यावर येते, दोघं जोडीनं एकाच बाजूला बाहेर पडतात. आणि एकाला जरासा उशीर करा, म्हणजे पहिला कोण दुसरा कोण ओळखता येईल, की गणती परत नाण्यांसारखी! हाच तो शाईचा ठिपका. मी सरांना अंतर्देशीय पत्र टाकलं. उलटटपाली कार्ड आलं, आरशाची आकृती काढून पाठव.

त्यानंतरचं माझं सगळं काम असल्याच कणांवर झालं, थंड अणू, थिअरीच, कागद आणि कॉम्प्युटर. 1995 ला अमेरिकेत बोल्डरमध्ये रुबिडियम या धातूचे साधारण 2000 अणू 170 नॅनोकेल्विनच्या आसपास, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळच्या थंडीत, एकाच अवस्थेत गोळा झाले तेव्हा आमच्या विषयाचं नशीबच पालटलं. लोकांना समजावताना मी आमच्या गुऱ्हाळाचं सांगतो, गुळव्या पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून गोळी होतेय का बघायचा, आत्ता पाक आणि जरा वेळानं गूळ. पण गुळात कण एकमेकांना धरून बसतात, बोसच्या गणितात तर ते एकमेकांना ओढतही नाहीत, नुसतं मोजायची रीत बदलली म्हणून एका जागी येतात. मला आजही याचं नवल वाटतं, आणि ते कमी व्हावं असं वाटत नाही.

सर आता नाहीत. अमृतमहोत्सवाच्या प्रदर्शनासाठी ती वही मी शाळेकडं देतोय. 143 व्या काडीपुढं प्रश्नचिन्ह आहे, तेव्हा एक नाणं बाकाखाली घरंगळलं होतं, ते आम्ही परत उडवलं.