दोन दोऱ्यांचं धनुष्य

मी तिरंदाजी शिकवतो. हिंगणघाट तालुक्यातल्या एका शाळेच्या मैदानावर सकाळ-संध्याकाळ मुलं येतात. बहुतेकांची सुरुवात बांबूच्या धनुष्यावर होते, कारण राष्ट्रीय स्पर्धांतला इंडियन राउंड त्याच धनुष्याने खेळतात आणि चांगल्या रिकर्व्हचा, म्हणजे टोकं बाहेरच्या बाजूला वळलेल्या आधुनिक धनुष्याचा, खर्च शेतकऱ्याच्या घराला झेपणारा नसतो. या मुलांची मोडकी धनुष्यं दुरुस्त करता करता मला जुनी धनुष्यं पाहायचा आणि जमवायचा नाद लागला. मैदानामागच्या खोलीत एक लाकडी मांडणी आहे, ती आता भरत आली आहे.

त्यात एक अमेरिकन बेअर कंपनीचं रिकर्व्ह आहे. त्यावर 'कॅनडा 1953' असं छापलंय. पाहणारा प्रत्येक जण ते 1953 सालचं समजतो. ते साल कॅनडातल्या पेटंटच्या नोंदणीचं आहे. कंपनीने साठच्या आणि सत्तरच्या दशकात बनवलेल्या धनुष्यांवरही ते छापलेलं सापडतं. पोकळ पोलादी नळीचंही एक आहे. ते मी कुणाला ओढू देत नाही. अशी नळी आतून गंजते, बाहेरून काही दिसत नाही आणि एक दिवस हातातच तुटते. जुनं धनुष्य ओळखायचं तर त्याच्यावर लिहिलेलं शेवटी वाचावं असं माझं मत आहे. आधी टोकं पाहावीत, मग मूठ, मग पोट म्हणजे ओढणाऱ्याकडची बाजू आणि पाठ म्हणजे बाहेरची.

माझी एक विद्यार्थिनी सरावानंतर म्हणाली, "सर, मामाच्या घरी राजाच्या काळचं धनुष्य निघालं. घरकुल मंजूर झालं ना, जुनं घर पाडून रायले." तिने मोबाइलवर फोटो दाखवला. ओसरीच्या खांबाला टेकवलेलं, पुरुषभर उंचीचं काहीतरी. फोटोवरून मला शंका आली होती, पण घर पाडताना माळ्यावरून आणखी काय निघेल याचा नेम नसतो. रविवारी गेलो.

गाव समुद्रपूरच्या बाजूचं, काळ्या मातीचं. घराची कवेलू उतरवून अंगणात रचली होती, भिंती उघड्या पडल्या होत्या. पाच-पंचवीस माणसं जमलेली. मुलीच्या मामेभावाने त्या वस्तूला कपडे वाळवायची नायलॉनची दोरी बांधली होती आणि तो फोटोसाठी ती ताणायच्या बेतात होता. मी आधी त्याला थांबवलं. जुन्या लाकडाला ताण द्यायचा नसतो, आणि बाण न लावता दोरी सोडली की सगळा जोर धनुष्यातच परत शिरतो. चांगली नवी धनुष्यंसुद्धा त्याने फुटतात.

"गोंड राजाच्या शिपायाचं व्हय म्हणतात, सर," मामा म्हणाले. "हे पायजा केवढं जड हाये."

जड होतंच. मी ते दोन्ही हातांवर आडवं धरलं. दांडा सरळ आणि मनगटाएवढा जाड. तीर मारायचं धनुष्य वाकण्यासाठी बनवलेलं असतं, म्हणून मुठीपासून टोकांकडे ते निमुळतं होत जातं. हा दांडा कुठेच निमुळता नव्हता. शिवाय दोन टोकांचं एकमेकांशी काही जुळत नव्हतं: एकीकडे रुंद फळी, तिच्या कडेवर चामड्याच्या पट्टीचा तुकडा चिकटलेला, दुसरीकडे लहानसं वळलेलं डोकं. चामड्यावर बारीक, खोल, गुळगुळीत रेघ होती. तिथे तात बसत असे. तात म्हणजे बकऱ्या-मेंढ्यांच्या आतड्याची दोरी.

मी काही बोलायच्या आत आजी आतून म्हणाल्या, "कायचा राजा न् कायचं काय! पिंजाऱ्याचं पिंजण व्हय ते."

मग त्यांनीच सगळं सांगितलं. दिवाळीच्या आधी पिंजारी यायचा, याच ओसरीत मुक्काम करायचा, घरच्याच कापसाच्या गाद्या भरून द्यायचा. पिंजण वरून टांगायचा आणि दोन्हीकडे गड्डे असलेल्या लाकडी दांडूने तातीवर ठोके द्यायचा. तात थरथरली की कापूस मोकळा होऊन उडायचा आणि कचरा खाली बसायचा. पुढे तालुक्याला पिंजायची मशीन आली. पिंजण ठेवून गेलेला माणूस परत आला नाही.

मामांचा चेहरा उतरला. हजारोंचे आकडे कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवले होते. मी म्हटलं, भाऊ, धनुष्य नाही म्हणून ही वस्तू हलकी होत नाही. वर्ध्याचं मगन संग्रहालय 1938 साली गांधीजींच्या हस्ते उघडलं, खादी आणि ग्रामोद्योगाची अवजारं तिथे जपलेली आहेत. तिथे दाखवा. आणि ती नायलॉनची दोरी आत्ता काढा, चामडं सोलून निघेल.

चहा झाला. लोक पांगले. गाडीकडे जाताना अंगणातल्या सरपणाच्या ढिगाकडे माझी नजर गेली. मोडके वासे, कामट्या, खाटेचा एक पाय, आणि त्यांत एक बांबूची कांब. कांब मध्ये जाड आणि टोकांकडे पातळ होत गेलेली होती. तासून केलेलं निमुळतेपण एकदा ओळखायला लागलं की ते लपत नाही.

ओढून काढली. चार फुटांच्या आसपास लांबी. बांबूची साल बाहेरच्या अंगाला ठेवलेली, म्हणजे ताण सोसणारी बाजू पाठीला. पेरंही मुठीच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर येतील अशी निवडलेली. करणाऱ्याला काम येत होतं. मग टोकं पाहिली. प्रत्येक टोकाला एकाऐवजी दोन खाचा, शेजारी शेजारी. एका खाचेत काळपट सुताचा पीळ अडकून राहिलेला, आणि त्याच सुताला बोटभर लांबीची एक काडी बांधलेली.

माझे हात कापायला लागले. ही गलोल होती. बेचक्याला रबर बांधतात ती नव्हे, त्याआधीची: मातीची गोळी फेकणारं धनुष्य. त्याला दोन दोऱ्या असतात. टोकांजवळ काड्या घालून त्या एकमेकींपासून दूर ठेवतात आणि मधोमध विणलेली किंवा चामड्याची झोळी बांधतात. गोळी झोळीत धरून ओढायची आणि सोडायची. राजेरजवाड्यांची शिंगाची आणि पोलादाची धनुष्यं संग्रहालयांत पाहायला मिळतात, कारण ती मौल्यवान म्हणून जपली गेली. शेत राखणाऱ्याची बांबूची गलोल कोण जपणार? वाळवी खाते नाहीतर चूल. म्हणून माझ्या लेखी ही राजाच्या धनुष्याहून दुर्मीळ.

मूठ उजेडात धरली. मुठीच्या आतल्या बाजूला, अंगठा येतो त्याच्या किंचित वर, बारीक खळगे होते. काही उथळ, एक चांगला खोल, आणि सगळे एकाच ठिकाणी. बाण धनुष्याच्या बाजूने निघून जातो. गोळी मात्र झोळीतून सरळ मुठीवरच येते. सोडण्याच्या क्षणी मनगट फिरवून मूठ वाटेतून बाजूला न्यावी लागते. ते खळगे शिकणाऱ्याचे होते.

"हे कोणाचं?" मी विचारलं. मामांना ठाऊक नव्हतं. आजींचे दीर, ऐंशीच्या घरातले आबाजी, बाजेवर बसून होते. त्यांनी कांब मागून घेतली, खळग्यांवरून अंगठा फिरवला.

"आमच्या मोठ्या भावाची. ज्वारी राखाले. मी यावरच शिकलो, अंगठा फोडून घेतला."

मग कांब मांडीवर ठेवून त्यांनी डावा हात पुढे केला, उजवा कानापर्यंत नेला आणि सोडला. त्या क्षणी डावं मनगट बाहेर वळलं, झटक्यात. मी मुलांना रोज ओरडून सांगतो की सोडताना धनुष्याचा हात हलता कामा नये. इथे हात हलणं हीच सगळी विद्या होती. किती वर्षांत गलोल हातात नव्हती, तरी ते मनगट बरोबर वेळेला वळलं. मी त्यांना पुन्हा करायला लावलं आणि व्हिडिओ घेतला.

गोळ्यांचं विचारलं. काळ्या मातीची गोळी वाळली की तडकते, म्हणून वारुळाची माती आणायची, चाळून मळायची आणि सावलीत वाळवायची. उन्हात नाही. पाखरं मारायची की नुसती उडवायची, या प्रश्नावर ते म्हणाले, "थव्याच्या बाजूले पानावर फटकन आवाज झाला का सारा थवा उठे. मारून काय भेटते?"

मी गलोल मागितली नाही. घरात जी वस्तू ओळखणारा माणूस अजून आहे ती त्याच्यासमोरून उचलून न्यावी हे मला पटत नाही. माहिती लिहून घेतली, मापं घेतली, टोकांचे फोटो काढले. निघताना आबाजींनीच विचारलं, "ठेवता कुठी तुम्ही हे सारं?" मी मांडणीचं सांगितलं: टिनाच्या तापापासून लांब, सुती कापडावर आडवं, तेल न लावता, जुनी दोरी आहे तशीच ठेवून. त्यांनी गलोल माझ्या हातात दिली. एकच अट घातली: चिठ्ठीवर भावाचं नाव लिहायचं, त्यांचं नाही.

चिठ्ठी तशीच लिहिली आहे. भावाचं नाव, गाव, ज्वारीचं राखण, वारुळाची माती. सालाची जागा मोकळी ठेवली आहे. बांबू पाहून वय ठरत नाही आणि आबाजींनाही ते सांगता आलं नाही. हिवाळ्यात बांबू तोडला की ते मैदानावर येऊन मुलांसमोर नवी गलोल तासणार आहेत. सूत कोणतं आणायचं ते त्यांनी मला सांगून ठेवलंय.