२५ सीसी, चार सिलिंडर: आधी गळती, मग बाकी सगळं

चार सिलिंडरचं छोटं पेट्रोल इंजिन घरच्या लेथवर करायचं म्हटलं की पहिला धसका क्रँकशाफ्टचा, म्हणजे पिस्टनची वर-खाली हालचाल फिरण्यात बदलणाऱ्या वाकड्या दांड्याचा, बसतो. तो अवघड आहेच, पण मायक्रोमीटर लावला की जमला की नाही ते लगेच कळतं. इंजिन सुरूच होत नाही तेव्हा कारण बहुतेक वेळा व्हॉल्व्हच्या सीटवर (तो जिथे टेकून बंद होतो ती कड) किंवा पिस्टनच्या रिंगच्या कडेला दडलेलं असतं, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून एकूण वेळातला मोठा वाटा तिथे द्या.

आधी हिशेब बघा. इथे धरलेलं इंजिन इनलाइन चार (सिलिंडर एका रांगेत), ओव्हरहेड व्हॉल्व्ह (व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये), पाण्याने थंड होणारं. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) २० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) २० मिमी. एका सिलिंडरचे ६.२८ सीसी, चारांचे मिळून २५.१. जुन्या मारुती ८००चे तीन सिलिंडर मिळून ७९६ सीसी, म्हणजे एकाचे साधारण २६५, आणि बोअर ६८.५ मिमी. आपला सिलिंडर आकारमानाने ४२ पट लहान, पण जिथून हवा निसटते तो घेर मात्र साडेतीन पटच लहान. तेवढ्याच रुंदीची फट राहिली, तर आपल्याकडे गळतीचं प्रमाण बारा पट पडतं. शिवाय चारही सिलिंडरांना मिश्रण पोहोचवणारी नळी, म्हणजे मॅनिफोल्ड, एकच. एका सिलिंडरचा इनलेट व्हॉल्व्ह गळका असेल तर काँप्रेशनच्या वेळी तो मिश्रण मॅनिफोल्डमध्ये मागे ढकलतो आणि शेजाऱ्यांचंही बिघडवतो. मग माणूस दिवसभर कार्ब्युरेटरची सुई फिरवत बसतो, आणि दोष सुईत नसतोच.

क्रँकशाफ्ट अखंड बारमधून काढा. ४० मिमी व्यासाचा, २०० मिमी लांबीचा ईएन-८ (मध्यम कार्बनचं पोलाद) पुरतो, पण काळा, गरम रोल केलेला घ्या. चकचकीत ब्राइट बार घेऊ नका; तो थंड ओढलेला असतो, आत ताण साठलेला असतो, आणि वेबमधलं (पिनांशेजारच्या पाट्यांमधलं) मटेरियल काढलं की केळ्यासारखा वाकतो. सिलिंडरांमधलं अंतर २६ मिमी, क्रँकपिन (ज्यांच्यावर कनेक्टिंग रॉड बसतात) १० मिमी व्यासाच्या आणि १० मिमी रुंद, थ्रो (पिनेचं शाफ्टच्या मध्यापासूनचं अंतर) १० मिमी. मेन बेअरिंग पाच बसतात, तरी तीनच ठेवा: दोन टोकांना ६००१ नंबरचे बॉल बेअरिंग (१२ × २८ × ८), मध्ये गनमेटलचा दोन फाकांचा बुश. पाचही एका रेषेत आणणं घरच्या यंत्रावर कठीण जातं, आणि एवढ्या छोट्या इंजिनाला त्यांची गरजही नसते.

बारच्या दोन्ही टोकांवर तीन-तीन सेंटर मारायची: एक मधलं, दोन त्याच्या समोरासमोर १० मिमीवर. एक आणि चार एका बाजूला, दोन आणि तीन विरुद्ध बाजूला. दोन्ही टोकांची सेंटर एकाच प्रतलात यायला हवीत. बारच्या लांबीवर एका बाजूला २ मिमी रुंदीची सपाटी मिल करून घ्या आणि बार उलटा करताना तिच्यावर डायल गेज फिरवा. आधी वेबमधलं मटेरियल भोकं पाडून आणि हॅकसॉने काढा, सगळीकडे अर्धा मिमी राखा, बार दोन दिवस तसाच ठेवा. मग पिना आधी, मेन जर्नल (बेअरिंगमध्ये बसणारे भाग) सगळ्यात शेवटी. पिन टर्न करताना टूल २६ मिमी तरी बाहेर काढावं लागतं, म्हणून ३ मिमी रुंदीचं उभं, खोल टूल घासून घ्या आणि त्याच्या कोपऱ्यांना अर्ध्या मिमीची गोलाई द्या. कोपरा टोकदार ठेवला तर शाफ्टला चीर तिथूनच जाते. वेग १५० आरपीएमच्या आसपास. एक पिन झाली की त्या फटीत नेमक्या मापाचा ॲल्युमिनियमचा ठोकळा बसवून बांधून टाका, नाहीतर पुढच्या पिनेच्या वेळी टेलस्टॉकच्या दाबानेच फट मिटते. ठोकळा हलक्या हाताने सरकावा. ठोकून बसवला तर उलटा परिणाम होतो.

कनेक्टिंग रॉड एचई-१५ या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे. बिग एंडला (क्रँकपिनवरच्या टोकाला) वेगळा बुश नको, ॲल्युमिनियम थेट स्टीलच्या पिनवर चालू द्या. फक्त २० ते ३० मायक्रॉन सैल ठेवा. टोपी आणि रॉडवर नंबर कोरा, दोन्हींवर एकाच बाजूला.

लायनर (सिलिंडरचे आतले नळे) बिडाचे, भिंत पावणेदोन मिमी. कंटिन्युअस कास्ट बार मिळाला तर उत्तम, कारण साध्या वाळूच्या ओतकामात ब्लो होल नेमकं बोअरच्या मध्यावर निघतं. बोअर करताना ३० मायक्रॉन राखा, ते फुगणाऱ्या लॅपवर (आत फिरवून घासायच्या हत्यारावर) काढा, आधी ४०० आणि मग ८०० ग्रिट. चारही लायनर एकाच बैठकीत लॅप करा. माप २० मिमीहून १० मायक्रॉन इकडेतिकडे झालं तर बिघडत नाही, चौघांत ५ मायक्रॉनहून जास्त फरक मात्र नको, म्हणजे रिंगा एकाच मापाने करता येतात. पिस्टनचा स्कर्ट (खालचा भाग) बोअरहून ५० ते ६० मायक्रॉन लहान, रिंगच्या वरचा भाग १२० मायक्रॉन लहान. ॲल्युमिनियम बिडाच्या दुपटीने फुगतं. थंड असताना छान घट्ट बसलेला पिस्टन गरम झाला की धरतो.

रिंगांची रुंदी १ मिमी, जाडी ०.८५. बाहेरचा व्यास नेमका बोअरएवढा. लेथवरून कापून काढल्यावर दोन्ही बाजू काचेवर ठेवलेल्या १००० नंबरच्या पॉलिश पेपरवर आठच्या आकड्यात घासा. मग रिंग तोडायची. करवतीने कापू नका, दोन धारदार पात्यांमध्ये दाबून कडक् करून तोडा. टोकं कानशीने साफ केली की फट ३ मिमी उघडी राहील अशी पट्टी मध्ये घालायची आणि बंद डबीत ६०० अंशांच्या आसपास भाजून आपोआप थंड होऊ द्यायची. डबीत थोडी कोळशाची पूड टाकली तर पापुद्रा धरत नाही. रिंग लायनरमध्ये काटकोनात, तिरकी न होता बसल्यावर फट ५० ते ८० मायक्रॉन हवी, आणि खाचेत वर-खाली २० ते ३० मायक्रॉन सैल.

प्रत्येक रिंगची परीक्षा अशी: लायनरमध्ये रिंग सरकवायची, आतल्या भागावर पुठ्ठ्याची चकती टेकवायची, मागून टॉर्च. अंधाऱ्या खोलीत रिंगभोवती उजेडाची रेघ दिसली की ती रिंग बाद. टोकांच्या फटीतून दिसणारा उजेड चालतो, बाकी कुठलाही नाही. आठ रिंगा लागतात, वीस करा.

आता व्हॉल्व्ह. इनलेटचं डोकं ९ मिमी, एक्झॉस्टचं ८, दांडी ३ मिमी, मटेरियल ३०३ किंवा ३०४ स्टेनलेस. दांडी एका लांब कटात उतरवायला गेलात तर मध्ये फुगीर निघते. बार चकमधून दहा-दहा मिमी बाहेर काढत प्रत्येक टप्पा पूर्ण मापाला आणा. डोक्याची ४५ अंशांची बाजू त्याच पकडीत, शेवटी. गाइड (दांडी जिच्यात सरकते ती नळी) आणि सीट वेगवेगळे करू नका. गनमेटलचा एकच तुकडा घ्या, हेडमध्ये लॉकटाइट ६३८ या चिकटद्रव्याने बसवा, पूर्ण वाळल्यावर गाइड रीम करा आणि सीट कापा, त्याच क्रमाने. आधी कापून मग बसवली तर बसवतानाच ती किंचित वाकडी होते.

सीट कापायचा कटर सिल्व्हर स्टीलचा, सहा दातांचा, खाली ३ मिमीचा पायलट. कडक करून दात ऑइलस्टोनवर घासलेले. तो ड्रिल मशीनमध्ये लावू नका, नाहीतर दात कडकडतात आणि सीटवर सहा पैलू उमटतात. बोटांच्या चिमटीत धरून, फक्त त्याच्या वजनाने फिरवा. सीटची रुंदी ०.३ मिमी झाली की थांबा. रुंद सीट जास्त चांगली असं वाटतं, पण स्प्रिंगचा दाब तेवढाच असतो. तो रुंद पट्टीवर पसरला की कुठेच पुरेसा पडत नाही. शेवटी अगदी बारीक पेस्ट लावून दहा-बारा हलके हिसके, बस. ग्राइंडिंग पेस्टने सीट ‘आणायला’ गेलात तर व्हॉल्व्हच्या बाजूला खळी पडते आणि गळती उलट वाढते.

चाचणीसाठी ब्रेक ब्लीड करायचा हातपंप वापरा, गेज असलेला. पोर्टच्या तोंडावर रबरी नळी दाबून २५ इंच (पाऱ्याचे) व्हॅक्यूम ओढा आणि काटा १५ वर यायला किती सेकंद लागतात ते मोजा. दहा सेकंदांच्या वर गेला तर तो व्हॉल्व्ह पास. दोन सेकंदांत खाली आला तर आधी गाइडवर तेलाचा थेंब टाकून पुन्हा बघा, कारण दांडीशेजारूनही हवा शिरते. आठही व्हॉल्व्हचे आकडे वहीत लिहा. पास होत नाही तोवर हेड ब्लॉकवर चढवू नका.

स्प्रिंग किती कडक? थ्रॉटल बंद असताना मॅनिफोल्डमध्ये अर्ध्या बारएवढा व्हॅक्यूम होतो, आणि सक्शनच्या वेळी तो एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आत ओढायला बघतो. ८ मिमीच्या डोक्यावर ही ओढ साधारण २५० ग्रॅम होते. म्हणून बंद स्थितीत स्प्रिंग ४०० ते ५०० ग्रॅमची ठेवा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दाबून मोजता येते. त्याहून कडक केली तर व्हॉल्व्ह उघडणारा कॅम झिजतो.

ज्वलनकक्षाचं आकारमान १.२६ सीसी ठेवलं की काँप्रेशन ६:१ येतं. चारही कक्ष पेट्रोल भरलेल्या १ सीसीच्या इन्सुलिन सिरिंजने मोजा. एकात ०.१ सीसी जास्त भरलं तर तिथलं काँप्रेशन ५.६ वर उतरतं, आणि इंजिन हळू चालताना तोच सिलिंडर मिसिंग करतो.

कॅमशाफ्टमध्ये कारागिरीपेक्षा कागदावरच्या चुका जास्त होतात. इनलेट टीडीसीआधी (टीडीसी म्हणजे पिस्टन सगळ्यात वर) १० अंश उघडतो, बीडीसीनंतर (पिस्टन सगळ्यात खाली) ४० अंशांवर बंद. एक्झॉस्ट बीडीसीआधी ४५ वर उघडतो, टीडीसीनंतर १० वर बंद. कॅम अर्ध्या वेगाने फिरतो, म्हणून लोबचे (कॅमवरच्या उंचवट्यांचे) कोन ११५ आणि ११७.५ अंश, आणि एका सिलिंडरच्या दोन लोबच्या शिखरांत १०६.२५ अंश. फायरिंग ऑर्डर १-३-४-२, पुढचा सिलिंडर ९० अंशांवर. आता गिअरवर गिअर असल्याने कॅम क्रँकच्या उलट फिरतो, आणि डिव्हायडिंग हेडवर शाफ्ट कुठल्या टोकाने धरला यावर सगळं पुन्हा उलटतं. कोष्टकाच्या डोक्यावरच लिहा: कुठल्या टोकाकडून पाहतोय आणि कुठल्या दिशेने फिरतंय. लाकडी गोल काठीवर आठ लोब पेन्सिलीने आखून हातात फिरवून पाहा, मगच स्टीलला हात लावा. गिअर १ मोड्यूलचे, २० आणि ४० दात, सेंटर अंतर ३० मिमी. टॅपेटची (व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणाऱ्या भागामधली) फट ०.१ मिमी.

तेल आणि पाणी सोपं आहे. तळातल्या तेलात बुडणारे छोटे चमचे बिग एंडच्या टोप्यांवर असले की या वेगाला पुरतं. पाणी थर्मोसायफनने (गरम पाणी आपोआप वर चढून) फिरतं, फक्त टाकी हेडच्या वर ठेवा.

इग्निशनला सीडीआय (कपॅसिटरमधून ठिणगी देणारं सर्किट) आणि हॉल सेन्सर (चुंबक जवळ आला की ओळखणारा) घ्या. ए-३१४४ हा सेन्सर पुण्यात पासोड्या विठोबाजवळ किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला स्वस्तात मिळतो. डिस्ट्रिब्युटरवर (प्लगांना पाळीपाळीने ठिणगी वाटणाऱ्या भागावर) चार चुंबक, ९० अंशांवर. टोपी पांढऱ्या डेलरिनची करा. काळ्या प्लॅस्टिकमध्ये बऱ्याचदा कार्बन असतो, आणि मग करंट प्लगऐवजी टोपीतूनच शेजारच्या खांबावर उडी मारतो. प्लग १/४-३२ आट्यांचे (पाव इंच व्यास, इंचाला ३२ आटे), कारण १० मिमीचा प्लग दोन व्हॉल्व्हशेजारी मावत नाही. गॅप ०.३५ ते ०.४. प्लगची वायर मोकळी ठेवून कधीही चाचणी करू नका. ठिणगीला वाट मिळाली नाही की ती सेन्सरमधून जाते आणि सेन्सर जळतो.

कार्ब्युरेटर जवळजवळ सगळेच मोठा करतात. ६००० आरपीएमला हे इंजिन मिनिटाला फार तर ७५ लिटर हवा ओढतं. ६ मिमीच्या व्हेंच्युरीतून (कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून) ती सेकंदाला ४४ मीटर वेगाने जाते आणि पेट्रोल नीट फोडते. १० मिमीतून १६ मीटरने, आणि पेट्रोल थेंबाथेंबाने मॅनिफोल्डच्या तळाशी साचतं. सहाच ठेवा. पंपावरचं पेट्रोल आता २० टक्के इथेनॉलचं आहे. त्याला सुई थोडी जास्त उघडी लागते, आणि ते टाकीत महिनोन्‌महिने ठेवायचं नाही, कारण पाणी धरतं. सिलिकॉनची नळी पेट्रोलने फुगते, व्हायटॉनची घ्या. पहिले काही तास पेट्रोलमध्ये दोन टक्के टू-टी तेल घातलं की गाइडांनाही तेल मिळतं.

सुरू करायच्या आधी प्लग काढून, तेल घालून, ड्रिलने दहा-दहा मिनिटं दोन-तीनदा फिरवा. मग प्लग लावून हाताने फिरवा: चारही वेळा सारखाच उसळता दाब हाताला लागला पाहिजे. ठिणगी टीडीसीआधी ८-१० अंश, चालू झाल्यावर २५ पर्यंत. पहिली फेरी दोन मिनिटांची, जास्त नको. एखादा सिलिंडर मरतोय असं वाटलं तर एक्झॉस्टच्या चारही नळ्यांवर पाण्याचा एकेक थेंब सोडा. जिथे चर्र होत नाही तो सिलिंडर. त्याचा प्लग ओला असेल तर ठिणगी तपासा, कोरडा असेल तर मॅनिफोल्डचा जोड, आणि दोन्ही ठीक असतील तर हेड उतरवून पंप पुन्हा लावा. चारही नळ्या बोलल्या की इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, हेडचे बोल्ट मधून बाहेर या क्रमाने पुन्हा आवळा, आणि टॅपेट नव्याने ०.१ ला लावा. गॅस्केट बसल्यामुळे सगळ्या फटी बदललेल्या असतात.