पोर्शे नसताना

"नंतर जिंकले ना सलग पाच वेळा? मग अजून काय धरून बसलायस?" दादा सहज बोलून गेला आणि माझी झोप उडाली. तो म्हणतो ते खरंच आहे. 2018 ते 2022, फ्रान्समधली ल माँची चोवीस तासांची मोटार शर्यत दरवर्षी टोयोटानेच मारली. तरी मन मानत नाही.

कारण त्या पाचही वर्षी मुख्य गटात, म्हणजे शर्यत जिंकायला धावणाऱ्या सगळ्यात वेगवान गाड्यांत, पोर्शे नव्हती.

2016 चा तो रविवार अजून डोक्यातून जात नाही. आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा वाजत आले होते. पाच नंबरची टोयोटा पुढे, गाडीत काझुकी नाकाजिमा, मागच्या पोर्शेवर मिनिटाहून जास्त आघाडी. आणि रेडिओवर त्याचा आवाज आला, गाडीत ताकदच उरली नाही म्हणून. इंजिनात हवा दाबून भरणारा टर्बो आणि ती हवा थंड करणारा इंटरकूलर, यांच्या मधल्या पाइपाचा एक जोड निकामी झाला होता. जेमतेम तीन मिनिटं उरलेली असताना गाडी सुरुवातीच्या रेषेपाशी, आपल्याच माणसांच्या डोळ्यांदेखत थांबली आणि नील यानीची पोर्शे शेजारून निघून गेली. नाकाजिमाने कशीबशी ती फेरी पुरी केली, पण अकरा मिनिटांहून जास्त लागली. मर्यादा होती सहा मिनिटांची. म्हणजे दुसरा नंबरही गेला, त्या गाडीचं नाव निकालातच नाही.

पोर्शेवाल्यांनी त्या दिवशी जाहीरपणे टोयोटाचा मान राखला. ते मला जास्तच लागलं. वाईट वागले असते तर निदान राग तरी धरता आला असता.

2017 ला तर टोयोटाचा कोबायाशी पहिल्या नंबरवरून सुटला होता. रात्री पिटमधून, म्हणजे इंधन-टायरसाठी थांबायच्या जागेतून, बाहेर पडताना लाल दिव्यापाशी उभा असताना दुसऱ्याच संघाच्या एका चालकाने त्याला अंगठा दाखवला. कोबायाशीला वाटलं, मार्शलच आहे, शर्यतीचा अधिकारी. तो निघाला, त्याला थांबवलं, पुन्हा निघाला, आणि त्यात क्लच जळाला. पुन्हा पोर्शे जिंकली, एकोणिसाव्यांदा. आणि त्या वर्षाअखेर निघूनही गेली. ज्याला हरवायचं तोच उठून गेला, तर उरलेल्याने काय करायचं? माझंही त्या वर्षी असंच काहीसं... जाऊ दे, ते इथे नको.

2023 ला पोर्शे परत आली. दोन वर्षं टोयोटा तिच्या पुढे राहिली, पण जिंकली फेरारी. मग 2025 च्या हंगामानंतर पोर्शेने ल माँ जिच्यात येते ती जागतिक मालिका पुन्हा सोडली. हिशोब तसाच.

पण आज 2018 चा शेवट परत पाहिला. जिंकायच्या आधी टोयोटाच्या संघाने गाडीत मुद्दाम बिघाड करून सराव केला होता. आणि शेवटच्या टप्प्याला गाडीत बसवलं कुणाला, तर नाकाजिमालाच. त्यानेच रेषा ओलांडली. त्याच्या चेहऱ्यावर पोर्शे नसल्याची खंत शोधत होतो, ती काही सापडली नाही. त्याचं भांडण बहुतेक त्या तीन मिनिटांशी होतं आणि ते मिटलं. माझं मात्र पोर्शेशी आहे. ते मिटायची घाई मला तरी कुठे आहे! पोर्शे येईल पुन्हा, आजवर प्रत्येक वेळी आलीच आहे. टोयोटा तर कुठे गेलेलीच नाही.