बल्ब पाण्यात, भाग ३: शाई बदलली आणि आकडे बदलले

बल्ब पाण्यात बुडवून पेटवायचा आणि पाणी किती तापतं त्यावरून विजेतली किती उष्णता होते आणि किती प्रकाश म्हणून बाहेर जाते ते मोजायचं, असा हा प्रयोग. मागच्या वेळी सांगितलं होतं तसं सेटअप तोच आहे, बाइकच्या ब्रेक लाइटचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब, काचेच्या बरणीत २५० मिली पाणी, एसएमपीएस (१२ व्होल्ट देणारा पॉवर सप्लाय) आणि व्होल्ट-अँपिअर मोजायला दोन मल्टीमीटर. (२३० व्होल्टच्या बल्बवर हे कुणीही करू नका, खरंच नका.) एक सुधारणा केली, वायरचे जोड एम-सीलने पूर्ण बंद केले, कारण पहिल्या वेळी जोडांवर बारीक बुडबुडे येत होते म्हणजे थोडी वीज पाणी फोडण्यातच जात होती आणि माझा हिशोब तिथेच चुकत होता.

दुसरी सुधारणा माठाची. खोली २९ डिग्री, माठातलं पाणी २३, म्हणजे अर्धा वेळ पाणी खोलीपेक्षा गार आणि अर्धा वेळ गरम, त्यामुळे बाहेरून आत येणारी आणि आतून बाहेर जाणारी उष्णता बऱ्यापैकी फिटते. ही युक्ती जबरदस्त आहे, करून बघाच.

बल्बवर ११.९ व्होल्ट, १.७३ अँपिअर, म्हणजे २०.६ वॅट. दहा मिनिटांत साधारण १२,३५० जूल. सगळी उष्णता पाण्यातच राहिली तर तापमान ११.८ डिग्री वाढायला पाहिजे. साध्या पाण्यात वाढलं ९.४. मग पाण्यात फाउंटन पेनची काळी शाई टाकली, इतकी की बल्ब पेटलाय हे बाहेरून कळतच नव्हतं, तर ९.९. फरक अर्धा डिग्री. मला वाटलं प्रकाश सगळा अडवला, मग राहिलेली जवळपास दोन डिग्री गेली कुठे? काच आणि बल्ब स्वतः तापतात ते धरूनसुद्धा जमेना.

दोन दिवस डोक्यात हेच. मग टीव्हीचा रिमोट बरणीच्या मागे धरून बटण दाबलं आणि पुढून मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघितलं तर त्या काळ्याकुट्ट पाण्यातून रिमोटचा ठिपका स्वच्छ दिसतोय!! (रिमोटमधून इन्फ्रारेड निघतं, म्हणजे लाल प्रकाशाच्या पलीकडचं, डोळ्याला न दिसणारं पण कॅमेऱ्याला दिसणारं.) पेनची शाई म्हणजे विरघळलेला रंग, ती डोळ्याला काळी पण लाल प्रकाशाला लागून असलेल्या इन्फ्रारेडला काचेसारखी पारदर्शक. मग ड्रॉइंगची कार्बनवाली इंडियन इंक आणली, ठिपका गायब, आणि तापमान वाढलं ११.१. प्रत्येक प्रयोग तीनदा केलाय, आकडे सरासरीचे आहेत.

आता बघा काय हाती लागलं. साधं पाणी आणि पेनची शाई यातला ०.५ चा फरक म्हणजे डोळ्याला दिसणारा प्रकाश, एकूण ११.१ च्या साडेचार टक्के. पेनची शाई आणि कार्बन यातला १.२ म्हणजे न दिसणारं पण पाण्यातून आरपार जाणारं इन्फ्रारेड, जवळपास ११ टक्के. माझा थर्मामीटर ०.१ पर्यंतच दाखवतो त्यामुळे साडेचारचे चार किंवा सहा होऊ शकतात, पण चाळीस नक्की होणार नाहीत.

आणि हे असंच का ते फिलामेंटच्या (बल्बमधल्या टंगस्टन धातूच्या तारेच्या) रेझिस्टन्सवरून कळतं, कारण तार तापली की तो वाढतो. थंड असताना ०.५ ओहम (मीटरच्या वायरचा ०.३ वजा करून), पेटल्यावर ६.९, म्हणजे जवळपास चौदा पट, टंगस्टनच्या हिशोबाने तापमान २४०० सेल्सिअसच्या आसपास येतं. इलेक्ट्रॉन धातूच्या अणूंवर आपटतात, अणू थरथरतात, म्हणजे वीज आधी पूर्ण उष्णता होते आणि त्या उष्णतेतून प्रकाश निघतो. या तापमानाला सगळ्यात जास्त किरण १०७० नॅनोमीटर तरंगलांबीजवळ असतात आणि आपल्याला दिसतं ४०० ते ७००, म्हणजे आपण डोंगराचा फक्त पायथा बघतो. तापमान वाढवलं तर प्रकाशाचा वाटा वाढेल, पण टंगस्टन ३४२२ ला वितळतं आणि त्याच्या बरंच आधी वाफ होऊन उडायला लागतं, काच आतून काळी पडते ती त्यानेच.

ज्याच्या नावाचं हे जूल एकक आहे त्या शास्त्रज्ञ जूलने १८४० मध्ये तारेची गुंडाळी पाण्यात ठेवून हेच मोजलं होतं, उष्णता करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते ते त्यातूनच आलं, आणि त्याचंच काम माठाच्या पाण्यात करताना मला फार भारी वाटतंय.

पुढे हाच बल्ब ९ व्होल्टवर, प्रकाश लालसर होतो तेव्हा ०.५ चं किती उरतं ते बघायचंय. कुणाकडे ०.०१ डिग्रीपर्यंत वाचणारा थर्मामीटर असेल तर कुठला घेतला ते सांगा.