न्यूट्रॉनच्या आधी दिसलेला ठिपका

सातपूर एमआयडीसीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये न्यूट्रॉन येत नाहीत. ते ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत. आमच्याकडे होतात ते डिटेक्टरचे डबे: ॲल्युमिनियमचं जाड कवच, आत सोन्याचा मुलामा दिलेल्या टंगस्टनच्या २० मायक्रॉन जाडीच्या तारा, वर-खाली कॅथोडच्या, म्हणजे ऋण बाजूच्या, आडव्या-उभ्या पट्ट्या. न्यूट्रॉन कुठे पकडला गेला ते मिलिमीटरपर्यंत सांगा, ही मागणी.

आता हे तारांइतकंच डब्यात भरलेल्या वायूवरही ठरतं. न्यूट्रॉनवर विद्युतभार नाही, तो स्वतः खूण सोडत नाही. हेलियम-३, म्हणजे हेलियमचा हलका प्रकार, त्याला गिळतो, आणि ५७३ केईव्ही (ऊर्जेचं एकक) इतका प्रोटॉन व १९१ केईव्हीचा ट्रायटॉन (ट्रिशियमचं केंद्रक) विरुद्ध दिशांना सुटतात. प्रोटॉन जास्त लांब पळतो, त्यामुळे विद्युतभाराचा मध्य मूळ जागेवरून सरकतो. साध्या दाबाच्या हेलियमात ही धाव काही सेंटिमीटर असते. सोबत सीएफ-४ (कार्बन-फ्लोरिनचा जड वायू) दाबून भरला की मिलिमीटरांवर येते. इलेक्ट्रॉनिक्स कितीही भारी घ्या, धाव आवरली नाही तर चित्र धूसरच. हे पटवता पटवता घसा बसतो.

हेलियम-३ मिळतो ट्रिशियमच्या, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजनच्या, क्षयातून, म्हणून भलताच महाग. आमची चाचणी आर्गन आणि कार्बन डायऑक्साइडवर.

जुलैतली ती संध्याकाळ. व्होल्टेज चढवलं, आणि जवळ कुठलाही स्रोत नसताना मोजणी धो धो सुरू! पावसाळा, म्हणजे दमटपणा, असं सगळ्यांनी ठरवूनच टाकलं. तारा ओढणाऱ्या ताई तेवढ्या स्क्रीनकडे बघत होत्या.

"सर, दमटपणा असता तर फ्रेमच्या कडेला दिसला असता ना? हा ठिपका तर मधेच आहे. आणि हलत नाहीये."

खरंच की. आडव्या आणि उभ्या, दोन्ही पट्ट्या एकच जागा सांगत होत्या. न्यूट्रॉन शोधायचं यंत्र स्वतःचंच दुखणं बोट ठेवून दाखवत होतं!

व्होल्टेज उतरवून डबा उघडला, त्या जागी भिंग धरलं. तारेला चिकटलेला एक तंतू, बहुधा पुसायच्या कापडाचा. असल्या टोकाशी विद्युतक्षेत्र एकवटतं आणि डिस्चार्ज होत राहतो. ताईंनी अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कुंचल्याने तो अलगद उचलला. मग शेजारच्या तारांचा ताण तपासला: चुंबकाजवळ तारेतून एसी प्रवाह सोडायचा आणि ती कुठल्या वारंवारतेला जोरात थरथरते ते बघायचं. ताण जागेवर होता. डबा बंद करून पुन्हा वायू भरला, ठिपका गायब.

डबा न्यायला आलेल्या माणसाला एवढंच बजावलं, की कसारा घाटातले खड्डे बघता, ट्रॉम्बेला पोचल्यावर हेलियम भरण्याआधी ताण पुन्हा मोजा.