तपासणीचा कागद आणि स्वच्छतागृहाची पायरी

ग्रामीण शाळांत मुलांमधील अपंगत्वाची प्राथमिक तपासणी करणारे पथक आणि त्याच शाळांत स्वच्छतागृहे बांधणारी यंत्रणा यांची सहसा गाठच पडत नाही, आणि या विषयातली बरीचशी अडचण मला तिथेच दिसते.

युनिसेफ आणि वॉशिंग्टन ग्रुप (अपंगत्वाची आकडेवारी कशी गोळा करावी हे ठरवणारा आंतरराष्ट्रीय गट) यांनी मिळून तयार केलेली, २०१६ मध्ये जाहीर झालेली प्रश्नावली अनेक देशांत वापरली जाते. ‘मूल अपंग आहे का’ असे ती आईला विचारत नाही. पाहताना, ऐकताना, चालताना, शिकताना त्याला थोडी अडचण येते, खूप येते की ते अजिबात जमत नाही, एवढेच विचारते. लोकलाजेपोटी दडवले जाणारे बरेच काही त्यामुळे उघड होते. मात्र ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी स्वतःची कामे स्वतः करण्याविषयी जो प्रश्न आहे, त्यात जेवण आणि कपडे यांचीच उदाहरणे आहेत, शौचाचे नाही. घरी आई उचलून नेत असेल, तर तिलाही ते सांगण्यासारखे वाटत नाही.

शाळेत उचलून नेणारे कोणी नसते. मग मूल सकाळपासून पाणी पिणेच टाळते, लघवी दाबून धरते, मूत्रमार्गाच्या संसर्गाने आजारी पडते, आणि हजेरीपटावर त्याची नोंद फक्त ‘गैरहजर’ एवढीच होते.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या संयुक्त पाहणीत शाळेतील ‘मूलभूत’ सोय म्हणजे सुधारित (मैल्याशी माणसाचा संपर्क येऊ न देणारे), मुलामुलींसाठी वेगळे आणि पाहणीच्या वेळी वापरण्याजोगे स्वच्छतागृह. कुबड्या घेतलेल्या मुलाला आत शिरता येते का, ही अट त्या पातळीवर नाही. रॅम्प बांधला तरी तो नावापुरताच असू शकतो: १५ सेंटिमीटरच्या पायरीला एकास बारा या प्रमाणात १.८ मीटर लांबीचा उतार लागतो, पण जागा वाचवण्यासाठी तो निम्म्यावर आटोपला, की व्हीलचेअर मागे घसरते. दार आत उघडणारे असेल, तर व्हीलचेअर आत गेल्यावर ते लावताच येत नाही. भिंतीला आधाराची दांडी नसेल, तर पाय थरथरणाऱ्या मुलाने उकिडवे बसायचे कसे? (दांडीचा खर्च साऱ्या बांधकामात नगण्य असतो, तरी नेमकी तीच राहून जाते.)

म्हणून तपासणी वर्गात संपवू नये, असे माझे ठाम मत आहे. ज्या मुलाला चालण्यात किंवा हात वापरण्यात खूप अडचण आहे असे आढळेल, त्याच्याबरोबर पथकाने स्वच्छतागृहापर्यंत जावे, कडीपर्यंत आणि नळापर्यंत त्याचा हात पोहोचतो का ते पाहावे, आणि ती नोंद डॉक्टरांकडे पाठवण्याच्या चिठ्ठीसोबतच बांधकाम पाहणाऱ्या अभियंत्याकडेही धाडावी.